रिख्टर समोर कागद ठेवायचा, त्याची गोष्ट

प्रश्न : ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, पियानो शिकते. नोटेशन, म्हणजे स्वर लिहिलेला कागद, समोर असलं की ती निवांत वाजवते. काढून घेतलं की गांगरते. तिचे आजोबा पेटी वाजवतात. ते म्हणतात, कागद बघून वाजवतो तो कसला कलाकार? परवा तिनं त्यांना थोर सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांच्या म्हातारपणातलं चित्रीकरण दाखवलं. समोर कागद आणि शेजारी पान उलटणारा माणूस! आजोबा आणखीच भडकले. कोणाचं बरोबर?
— एक आई, नाशिक

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या गाण्यात ते बरोबरच आहेत. कागद वाचत कुणी यमन मांडू लागलं तर मीही उठून जाईन. तिथे बंदिश दोन-चार ओळींची, बाकीचं सगळं बैठकीत सुचायचं. बेथोव्हनचं तसं नाही. कुठे दबकं वाजवायचं, कुठे एकदम उसळायचं, कोणता स्वर किती धरायचा, हे सगळं तो लिहून ठेवून गेलाय. वादकानं त्यात आपली भर घालायची नसते, निदान रिख्टरचं मत तसं होतं. तो स्वतःला फक्त हुकूम बजावणारा समजायचा.

आता मुलीनं आजोबांना न सांगितलेली गोष्ट सांगते. हा माणूस तरुणपणी सगळं पाठ वाजवायचा, आणि कसं! जन्म १९१५चा, युक्रेनमधल्या झितोमिरचा, वाढला ओडेसात. वडील ऑर्गनवादक, पण पियानो हा बराचसा आपला आपणच शिकला. तिथल्या ऑपेरात गायकांच्या तालमींना वाजवायचा, समोर येईल ती संहिता बघून. १९३४मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला, तो सगळा शोपँ या संगीतकाराच्या रचनांचा. बावीस वर्षांचा घोडा झाल्यावर मॉस्कोला हाइनरिख न्यूहाउस या पियानोच्या नावाजलेल्या गुरूच्या दारात उभा राहिला. कॉन्झर्वेटरीतल्या, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयातल्या, राजकीय विषयांच्या तासांना दांड्या मारल्या म्हणून त्याला काढून टाकलं, न्यूहाउसनं परत आणलं. बरेच दिवस तो गुरुजींच्याच घरी पियानोखाली झोपायचा. (गुरुगृही राहणं आपल्याला नवं नाही, पण पियानोखाली!) रशियन संगीतकार प्रोकोफिएवचा सातवा सोनाटा (एकट्या पियानोसाठीची मोठी रचना) १९४३मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला तो यानंच, चार दिवसांत बसवून. त्यामुळे पाठांतर जमत नव्हतं म्हणून कागद आला, असं कुणी म्हणू नये.

कागद आला १९८०च्या सुमाराला. एक कारण कान. जन्मजात स्वरज्ञान असलेल्या या माणसाला उतारवयात प्रत्येक स्वर चढा ऐकू येऊ लागला. आजोबांना विचारा, काळी एक दाबली आणि कानात काळी दोन वाजली तर बोटांचं काय होईल? पाठांतराचा निम्मा आधार कानाचाच असतो.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. बाखचा ‘इटालियन कॉन्चेर्तो’ तो वर्षानुवर्षं वाजवत आला होता. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या भागाच्या शेवटाजवळ आपण एक स्वर कायम चुकीचा वाजवतोय. चाळीस वर्षं! देशोदेशीच्या मैफिली झाल्या, ध्वनिमुद्रणं झाली, ना कुठल्या संगीतकारानं सांगितलं ना तंत्रज्ञानं. त्यानं त्या चुकीची कबुली ध्वनिमुद्रिकेसोबत छापायला लावली. पाठ झालेली चूक आपल्याला ऐकूच येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांत हे मी रोज बघते. एकदा घट्ट बसली की ती बरोबरच वाटते.

म्हणून शेवटी सभागृहात अंधार आणि कागदावर एक छोटा दिवा, एवढंच ठेवायचा. लोकांनी आपले हात आणि चेहरा बघत बसू नये, ऐकावं. मला हे थोडं टोकाचं वाटतं. हात बघण्यातही मजा असतेच की. कागदाचा अजून एक उपयोग त्यानं केला होता, तो आजोबांना जरूर ऐकवा. १९५३मध्ये स्टालिनच्या अंत्यविधीला वाजवायला त्याला तिबिलिसीहून पुष्पचक्रांनी भरलेल्या विमानातून आणलं. तिथल्या पियानोचं पेडल चालेना. यानं वाद्यवृंदाच्या संहिता पेडलखाली कोंबायला सुरुवात केली, तर वर गॅलरीत धावपळ! पाहाऱ्यावरच्यांना वाटलं, हा बॉम्ब ठेवतोय.

आणि पाठ वाजवायची रीत तरी कुठे अनादी आहे? जर्मन पियानोवादक क्लारा शूमन, तेव्हाची क्लारा वीक, १८३७मध्ये बर्लिनमध्ये कागदाविना वाजवायला बसली, तर मिजासखोर म्हणून तिला नावं ठेवली गेली. कागदाशिवाय वाजवलं तर शिष्टपणा, कागद घेऊन वाजवलं तर कच्चेपणा.

मुलीचं मात्र मी पूर्ण ऐकणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीला कागद काढल्यावर गांगरायला होतं म्हणजे डावा हात काय करतोय हे तिला नीट कळलेलं नाही. डावा हात एकटा, कागदाशिवाय, अगदी सावकाश वाजवायला सांगा. अडेल तिथे कागद उघडायचा, वाजवताना नाही, वाचताना. मग पुन्हा बंद. ग्रेडच्या परीक्षांत पाठ वाजवायची सक्ती साधारणपणे नसते, मोठ्या स्पर्धांत बहुधा असते. तेव्हा दोन्ही यायला हवं.

प्रश्न : आमच्या दापोलीच्या घरात आजीचा जुना उभा पियानो आहे. पावसात पट्ट्या खाली गेल्या की वर येत नाहीत. टाकून द्यावा का?
— एक वाचक

उत्तर : अजिबात नको. लाकूड आणि नमदा दमट हवा पितात नि फुगतात, म्हणून पट्ट्या अडकतात. बाहेरच्या भिंतीपासून पियानो लांब ओढा, खिडकीसमोर ठेवू नका. ट्यूनरला पावसाळ्यात बोलावलंत तर पैसे वाया. हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर बोलवा. तारांचे खिळे सैल झालेत का, हे त्याला आधी बघायला सांगा. ते धरत असतील तरच पुढचा खर्च करा.