थंडीत सकाळी पॉवर स्टेअरिंग जड का होतं?
भाऊ, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालनारं) स्टेअरिंग असन तर पहाटे पहिली दोन-चार मिनिटं जड लागनारच, थंडीनं तेल घट्ट होते, आमच्या गोंदियाकडं पारा 8-9 वर आला का माह्या जुन्या गाडीचंही असंच व्हायचं. पण गाडी गरम झाल्यावरही जड राहत असन तर स्टेअरिंगच्या डबीतलं तेल पाहा, काळं पडलं किंवा जळका वास येत असन तर बदलाच, अन् मॅन्युअलमधी लिहिलं तेच टाका. तेल कमी दिसलं तर नुसतं भरून निघू नका, कुठं गळते ते शोधा, नाहीतर स्टेअरिंगचा पंप जाते. वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असन तर बहुतेक पंप फिरवनारा पट्टा ढिला हाय. टायरची हवाबी पाहून घ्या, थंडीत कमी होते. इलेक्ट्रिक स्टेअरिंग असन तर तेलाचा बहुतेक संबंधच नाही, आधी बॅटरी चेक करा.