पाणी ९८ अंशांनाच उकळलं, वहीत काय लिहू?

तू नववीत आहेस. कोल्हापुरातच शाळेत पाणी उकळायचा प्रयोग केलास, थर्मामीटर ९८ वर जाऊन थांबला. पुस्तकात १०० आहे आणि गटातली पोरं म्हणतायत, "१०० लिही, नाहीतर मार्क जातील."

९८च लिही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, आणि प्रयोगवह्या तपासताना ओळीनं सगळीकडे १०० दिसले की मला खरंच वाईट वाटतं. आपल्या गावात उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतच नाही. म्हणजे पोरांनी थर्मामीटर बघितलाच नाही, किंवा बघून सोडून दिला.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका, तर इथं तो ७१० च्या आसपास. वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळायला लागतं, त्यामुळे बाहेरचा दाब कमी तर ते कमी तापमानालाच उकळतं. ढोबळमानानं दर ३०० मीटरला एक अंश धर. पुस्तक चुकलेलं नाही. त्या १०० ला 'समुद्रसपाटीच्या दाबाला' अशी अट आहे, ती पाठांतरात गळते. ज्याच्या नावानं आपण अंश मोजतो त्या अँडर्स सेल्सियसनं १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडतानाच सांगितलं होतं, की उत्कलनबिंदू, म्हणजे पाणी उकळायचं तापमान, हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो.

पण मी सांगतोय म्हणून हे मान्य करू नकोस. दोन अंश कमी येण्याला दुसरी कारणंही असू शकतात, ती एकेक करून बाद कर. खरा प्रयोग तिथंच सुरू होतो.

आधी थर्मामीटरवरच संशय घे. बर्फ बारीक कुटून ग्लासात भर, थोडं पाणी सुटू दे, त्यात थर्मामीटरचा फुगा, म्हणजे खालचं पाऱ्याचं टोक, बुडवून हलवत राहा. पारा शून्यावर स्थिरावला तर खालचं टोक ठीक. उणे दोन दाखवत असेल तर तुझे ९८ कदाचित १०० असतील! शून्याला बरोबर असलेला थर्मामीटर वरच्या टोकालाही बरोबर असेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या थर्मामीटरनंही उकळतं पाणी मोजून बघ.

मग वाचन. फुगा चंचुपात्राच्या बुडाला टेकू देऊ नकोस, आणि डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेव. वरून वाकून बघितलं तर आकडा वेगळा दिसतो. तिघांनी वेगवेगळं वाचा आणि एकमेकांना न सांगता आपापल्या कागदावर लिहा. एकानं "अठ्ठ्याण्णव" म्हटलं की बाकीच्यांनाही तेच दिसायला लागतं, हे मी वर्गात नेहमी बघतो. शाळेतल्या थर्मामीटरचं लघुत्तम माप, म्हणजे दोन रेषांमधलं एक घर, बहुधा १ अंश असतं. फार तर अर्ध्या अंशापर्यंत अंदाज कर, ९८.२७ असं लिहिलंस तर जे दिसलंच नाही ते लिहिल्यासारखं होईल.

"पाणीच खराब असेल" असंही कुणीतरी म्हणेल. पाण्यात क्षार विरघळले तर उत्कलनबिंदू वर जातो, खाली येत नाही. आणि एक अंश वर न्यायला लिटरला सुमारे ५८ ग्रॅम मीठ लागतं. नळाचं पाणी तेवढं खारट असतं तर तोंडात धरवलं नसतं.

एवढं करूनही ९८च येत असेल तर उंचीचं कारण उरतं. तेही तपासता येतं: कारण उंचीच असेल तर पन्हाळ्यावर तोच थर्मामीटर ९७ च्याही जरा खाली थांबायला हवा, आणि रत्नागिरीला किनाऱ्याजवळ १०० च्या जवळपास जायला हवा. पन्हाळा जवळ आहे, पण फरक सव्वा अंशाचा, जेमतेम एका घराचा. वाचनात थोडी गफलत झाली तरी तो झाकला जाईल. रत्नागिरीचा दोन अंशांचा फरक स्पष्ट दिसेल. सुट्टीत कुणी तिकडं जाणार असेल तर शाळेत विचारून हाच थर्मामीटर त्यांच्याकडं दे, आणि पाणी उकळताना मोठं माणूस शेजारी असू दे. घरातला ताप बघायचा थर्मामीटर मात्र वापरू नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, उकळत्या पाण्यात फुटेल.