शीर्षकातली मोठी अक्षरं: सुरुवातीला एवढंच सांभाळ

भाऊ, दारव्ह्यात बसून गावांच्या यादीचं बहुभाषिक सॉफ्टवेअर करतोस, फार बरं वाटलं.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतातच. ‘यवतमाळ’ला हात लावू नको, शीर्षकात शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायचा नियम रोमन, ग्रीक, सिरिलिकसारख्या लिप्यांना.

नवे लोक फसतात ते भाषा न सांगता अक्षर मोठं करण्यात. लहान ‘आय’वरचं टिंब इंग्रजीत मोठं करताना जातं, तुर्कीत टिकतं. डचमध्ये शब्दारंभीचे ‘आय’ आणि ‘जे’ जोडीनं मोठे होतात! म्हणून स्वतः नियम लिहीत बसू नको, आयसीयू लायब्ररी (वेगवेगळ्या भाषांचे असे नियम आधीच लिहून ठेवलेला तयार कोड) घे आणि:

- प्रत्येक मजकुराची भाषा कळव.
- शब्दातली उरलेली अक्षरं लायब्ररी आपोआप लहान करते. ते बंद ठेव, नाहीतर संक्षेप बिघडतात.
- मूळ मजकूर जप, बदल फक्त दाखवताना.

इंग्रजीतलं ‘ऑफ’, ‘द’ कधी लहान ठेवायचं, ते सध्या राहू दे. आधी तुझ्या तालुक्याची यादी चालवून पाहा.