मारुतीच्या पाराजवळचे कोरीव दगड कोणाचे? त्यावरून गावाचा इतिहास कळतो का?

तुमच्या गावात पाराजवळ चार-पाच कोरीव दगड शेंदूर फासून उभे आहेत, गावकरी त्यांना मावळ्यांच्या समाध्या म्हणतात, आणि ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा नाही. वर्णनावरून ते वीरगळ वाटतात, म्हणजे वीरमरण आलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभे केलेले दगड. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले, म्हणजे शिवकाळाच्या चार-पाचशे वर्षं आधीचे. नंतरही ते कोरले गेले, त्यामुळे नुसत्या फोटोवरून शतक सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. पण गावाचा इतिहास कळतो का? कळतो, फक्त नावानिशी नाही. कोण मेला हे बहुतेक वीरगळ सांगत नाहीत, कारण त्यांवर अक्षरच नसतं. कसा मेला हे मात्र चोख सांगतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील तर समजा की गावची गुरं कोणी हाकून नेत होतं आणि हा ती सोडवताना पडला. त्या काळी गुरं हीच दौलत, त्यामुळे असे वीरगळ पुष्कळ दिसतात. कधी समोर वाघ किंवा रानडुक्कर असतं, म्हणजे मरण शिकारीत किंवा जनावराच्या हल्ल्यात आलं. त्यावरच्या चौकटीत लढाई : ढाल-तलवार, धनुष्य, क्वचित घोडा. घोडेस्वार किंवा डोक्यावर छत्र धरलेला दिसला तर तो साधा शिपाई नव्हे. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, आणि माथ्याशी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. शेवटी कलश, चंद्र आणि सूर्य : ते आहेत तोवर याची कीर्ती राहो.

रांगेत एखादा दगड वेगळा असेल तर तो नीट बघा. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात म्हणजे सतीचा दगड. असा हात कधी वीरगळावरच एका बाजूला कोरलेला असतो, तेव्हा नवरा-बायको दोघांची गोष्ट एकाच दगडावर आहे असं धरा. गाय-वासरू असेल तर तो दानाचा दगड, धेनुगळ. आणि गाढव आणि बाई असं ओंगळ चित्र दिसलं तर ती गधेगाळ : दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईच्या नावाने दिलेली शिवी. आपल्या पूर्वजांना कायद्याची भाषा कशी समजत होती हे गधेगाळीइतकं उघड दुसरं काही सांगत नाही. अलिबागजवळच्या आक्षी गावातला प्रसिद्ध शिलालेख रस्त्याच्या कडेलाच होता, आणि त्यातही अशीच शापवाणी आहे. त्याचा शक मराठी शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ (इ.स. १०१२) वाचला, तर इतर काही अभ्यासक शक ११३२ (इ.स. १२१०) वाचतात. लेखातला राजा शिलाहार घराण्यातला केशिदेव, पण पहिला की दुसरा यावर सारा वाद. अक्षरं असूनही दोनशे वर्षांचा फरक पडतो, मग बिनअक्षरी दगडाचं काय घेऊन बसलात!

दगड कुठे उभा आहे हेही वाचनाचाच भाग आहे. मुंबईत बोरिवलीच्या एक्सरला एका रांगेत मोठे वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत. समुद्र जवळ नसता तर ती जहाजं कोड्यातच पडली असती. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५च्या सुमाराला झालेल्या आरमारी लढाईशी अभ्यासक ती जोडतात. सोमेश्वर त्या युद्धात समुद्रात बुडाला. हा जोड पटण्यासारखा असला तरी तो अंदाज आहे. उलट वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की तिथे लढाई नेहमीचीच होती की आसपासचे दगड गोळा करून आणले, हा प्रश्न पडतो. म्हणून तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना पहिलं हे विचारा : हे दगड इथलेच, की रस्ता रुंद करताना, विहीर खणताना कुठून उचलून आणले?

बघायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरपा उजेड पडला की झिजलेली रेघ उठून दिसते. रात्री बाजूने टॉर्च मारला तरी चालतं. खडू किंवा रांगोळी घासू नका, आणि शेंदराचे थर खरवडायला तर मुळीच जाऊ नका. लोक त्याला वेताळ किंवा म्हसोबा म्हणून पूजत असतील, आणि खरवडताना शेंदराबरोबर दगडही जातो.

एक गोष्ट मात्र सरपंचांच्या कानावर आत्ताच घाला. पाराचं सुशोभीकरण निघालं की हे दगड सिमेंटच्या कट्ट्यात रोवतात आणि वरून ऑइल पेंट देतात. कट्ट्यात गाडली जाते ती नेमकी खालची चौकट, म्हणजे तो माणूस कशासाठी मेला हे सांगणारी. काम निघण्याआधी प्रत्येक दगडाचे पायथ्यापासून माथ्यापर्यंत फोटो काढा, शेजारी मापाची पट्टी ठेवा, आणि ते जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयाला पाठवा. इथेही टाका, खालच्या चौकटीत गाई आहेत का ते बघू.