पहिली मोहीम चालवणाऱ्यासाठी

चार मित्र जमवून परभणीत तुम्ही सूत्रधार (कथा आणि नियम सांभाळणारा) म्हणून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे घेऊन मिळून गोष्ट रचण्याच्या खेळाची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांची सलग कथा, सुरू करत आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र वर्षभराची कथा आणि साऱ्या जगाचा नकाशा आधीच लिहून काढू नका. बहुतेक नवे सूत्रधार तिथेच थकतात, आणि खेळाडू पहिल्याच संध्याकाळी न लिहिलेल्या वाटेने निघून जातात.

पहिल्या बैठकीला एक गाव, एक अडचण आणि एक धोक्याची जागा पुरते. जागेसाठी लांब जायला नको. देवगिरी किल्ल्याचा खंदक, त्यावरची अरुंद वाट आणि शत्रूला चकवणारा ‘अंधारी’ हा काळोखा भुयारी मार्ग डोळ्यांसमोर आणा. तीन दालने, एक पहारा आणि एक सापळा एवढ्यावर संध्याकाळ सहज रंगते. पहिल्या पातळीची, म्हणजे अगदी नवखी, पात्रे एखाद्या मोठ्या घावानेही कोसळतात, म्हणून शत्रू दोन-तीन आणि दुबळेच ठेवा.

नियम अडला तर पुस्तक चाळत बसू नका. मध्यम अवघड कामाला 15 हा आकडा धरा, वीस बाजूंचा फासा टाकायला सांगा, फासा आणि पात्राचे कौशल्य मिळून तेवढे किंवा जास्त आले तर काम जमले म्हणा आणि पुढे चला. नियम नंतर तपासता येतो.

पात्रे आणि शत्रू दाखवणाऱ्या छोट्या लघुमूर्तींची घाई नको, चौकटींच्या कागदावर चिंचोके उत्तम चालतात. रंगवायच्याच असतील तर आधी प्राइमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) आणि मग पाण्याने पातळ केलेल्या रंगाचे दोन थर द्या, कारण एकच जाड थर चेहऱ्याचे बारकावे बुजवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात प्राइमरचा फवारा सकाळी लवकर मारा. दुपारच्या उन्हात तो हवेतच सुकतो आणि मूर्तीवर खरखरीत बसतो. लघुमूर्तींच्या सैन्यांनी लढायच्या युद्धखेळाची सैन्ये मोहीम रुळल्यावर घ्या.