बाईक राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : सहा महिन्यांचं ट्रेनिंग संपलं, येत्या 1 तारखेला रुजू होतोय. पॅकेज 4.80 लाख, त्यात 48,000 व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारे). रोज जाण्यायेण्यासाठी 4,000 च्या हप्त्यावर बाईक घेऊ का? सॅलरी अकाउंट उघडताना बँकेतल्या मॅडमनी एक पॉलिसी करून दिली. वर्षाला 60,000, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 12 लाख. करही वाचेल म्हणाल्या. पहिला हप्ता बाबांनी एफडी मोडून भरला. पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात आले.

उत्तर : बाईक आत्ता नको. तीन सॅलरी स्लिप हातात आल्या की बघा. महिन्याचे 40,000 धरून बसला असाल, तर त्यातून व्हेरिएबलचे 4,000 आधीच वजा करा. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही बहुधा पॅकेजमध्येच मोजलेली असेल. तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून खात्यात साधारण 30,000 पडतील.

त्यातले महिन्याला 5,000 तुम्ही न विचारता दहा वर्षांसाठी बांधून टाकलेत. पगाराचा सहावा हिस्सा, आणि पगार अजून झालेलाही नाही!

6 लाखांचे 12 लाख ऐकायला छान वाटतं. पण पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. पीपीएफसुद्धा याहून जास्त देतो. आणि कर कसला वाचवताय? 4.80 लाखांवर तुम्हाला कर शून्यच आहे. नसलेला कर वाचवून देणाऱ्यांचं मला नेहमीच कौतुक वाटतं. सॅलरी अकाउंटसाठी पॉलिसी लागते असं कोणी सांगितलं असेल, तर तेही खोटं.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवस फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी न पटल्यास परत करण्याचे असतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, स्टँप ड्यूटी आणि मेडिकल झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. ती बाबांना द्या. पहिला पगार होईपर्यंतचा खर्च त्यातूनच भागवायचा असेल, तर त्यांना विचारून ठेवा.

अर्ज लेखी करा, थेट विमा कंपनीला ई-मेलवर, आणि शाखेत दिलात तर तारखेसह पोच घ्या. मॅडम म्हणतील, ‘वर्षभर थांबा, मग बघू.’ थांबायचं नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. हे सगळं रुजू होण्याआधी उरका, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला सवड मिळणार नाही.