खाडीचे पाणी आणि सेप्टिक टाकी

प्रश्न : आमच्या किनारी गावात गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी खोल्या बऱ्याच वाढल्या. पुष्कळ घरांच्या सेप्टिक टाकीचे पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि तिथून खाडीत जाते. ग्रामसभेत विषय काढला, की ‘भरती-ओहोटीत सगळे धुऊन जाते’ असे उत्तर मिळते. शहरासारखे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आम्हांला परवडणारे नाही. काय करावे?
(एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : समुद्रात मैलापाणी विरळ होते आणि ऊन व खारटपणा यांमुळे आतड्यातले जिवाणू मरतात, हे खरे आहे, परंतु त्याचा हिशेब ग्रामसभेत एकदा मांडून पाहावा. आंघोळीच्या व मासेमारीच्या समुद्रपाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू १०० पेक्षा जास्त नसावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. कच्च्या मैलापाण्यात तेवढ्याच मापात ते दहा लाखांहून अधिक असतात. म्हणजे अशा एका बादलीला निकषापर्यंत आणायला निदान दहा हजार बादल्या स्वच्छ पाणी लागते. खुल्या समुद्रात ते मिळेल, पण खाडीत ओहोटीबरोबर गेलेले बरेचसे पाणी पुढच्या भरतीला परत येते. त्यातच कालवे आणि तिसऱ्या हे शिंपल्यांतले जीव दिवसभर पाणी गाळून जगतात आणि त्यातले जंतू आपल्या अंगात साठवतात. ज्या खाडीत आपण मैला सोडतो, तिथलीच कालवे आपल्या आणि पाहुण्यांच्या ताटात येतात, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

सेप्टिक टाकीबद्दलही मोठा गैरसमज आहे. टाकीत गाळ खाली बसतो व काही अंशी कुजतो, एवढेच तिचे काम. बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले, तरी जंतू आणि नत्र त्यात राहतातच. म्हणून ते शोषखड्ड्यातच जायला हवे, व्हाळात कधीही नाही. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या भेगांतून पाणी झरझर पुढे जाते आणि पावसाळ्यात भूजल वर येते, त्यामुळे विहिरीपासून नेहमी सांगितले जाणारे १५ मीटर अंतरही पुरेसे मानू नये.

परवडणारे काम टाकीपासूनच सुरू होते. ती दर दोन-तीन वर्षांनी उपसली पाहिजे, कारण गाळाने भरलेल्या टाकीत पाणी थांबतच नाही आणि मैला तसाच पुढे वाहतो. उपसणारी गाडी रिकामी कुठे होते, हे मात्र ग्रामपंचायतीने लेखी विचारावे. गाळ रात्री खाडीतच ओतला जाणार असेल, तर सगळा खटाटोप वाया जातो. जवळपासच्या गावांनी मिळून गाळ सुकवण्याची व त्यावर प्रक्रिया करण्याची एक सोय उभारली, तर प्रत्येकावरचा खर्च बराच कमी होतो. मोरीचे आणि न्हाणीघराचे पाणी शौचालयाच्या पाण्यात मिसळू देऊ नये. ते माडाच्या आळ्यात सोडण्याची कोकणची जुनी पद्धत आजही योग्य आहे. पाणी जास्त असेल, तर खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ लावून त्यातून ते गाळून घ्यावे. खानावळ चालवणाऱ्यांनी मोरीपाशी तेल अडवणारी कुंडी बांधावी आणि शौचालयात ॲसिड ओतणे थांबवावे, कारण गाळ कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. नव्या खोल्यांना ना-हरकत दाखला देण्यापूर्वी टाकी आणि शोषखड्डा प्रत्यक्ष पाहण्याचा ठराव ग्रामसभेने करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : मुंबईचे मैलापाणी तर समुद्रातच सोडतात. मग लहान गावांवर एवढी बंधने कशाला?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : वरळी आणि वांद्रे येथील बोगदे ते पाणी किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक आत, खोल पाण्यात अनेक तोंडांनी पसरवून सोडतात. व्हाळाचे पाणी मात्र मुले खेळतात त्याच वाळूवर येते, म्हणून ही तुलना बसत नाही. शिवाय मुंबईलाही केवळ दूर सोडणे पुरे पडलेले नाही. तिथे सात मोठी प्रक्रिया केंद्रे उभारण्याचे काम २०२३ पासून हाती घेतले आहे.